पहिल्या वर्षाचा स्टॉक गढूळ का होतो?

हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षी, मग ते दादरचं आयएचएम (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) असो की गावाकडचं छोटं कॉलेज, फूड प्रॉडक्शनच्या प्रॅक्टिकलला मुलांचा सगळा जीव सॉसमध्ये असतो. आमच्या मते आधी स्टॉक, म्हणजे हाडं आणि भाज्या मंद आचेवर शिजवून गाळलेलं पाणी, जमायला हवा. वेलूते हा फिकट सॉस पांढऱ्या (हाडं न भाजता केलेल्या) स्टॉकवर होतो, एस्पान्योल हा गडद सॉस ब्राउन (हाडं भाजून केलेल्या) स्टॉकवर. पायाच कच्चा असेल तर रू (सॉस दाट करणारं लोणी-मैद्याचं मिश्रण) कितीही छान भाजा, सॉसला चव येत नाही.

चिकन स्टॉकसाठी २ किलो हाडं, ४ लिटर पाणी आणि २५० ग्रॅम मिरपॉ घ्या. मिरपॉ म्हणजे चिरलेल्या भाज्या: निम्मा कांदा आणि उरलेल्या निम्म्यात गाजर-सेलरी सारखी. इंडेंट (सामानाची मागणी यादी) लिहिताना चिकनचे पंजे मिळत असतील तर नक्की मागवा, त्यांतून जिलेटिन (गार झाल्यावर स्टॉक जेलीसारखा घट्ट करणारा पदार्थ) भरपूर मिळतं.

हाडं धुऊन गार पाण्यात घाला. इथेच बहुतेकांचं चुकतं: वेळ वाचवायला गरम पाणी ओततात. गार पाणी हळूहळू तापतं तेव्हा प्रथिनं सुटून गोळा होतात आणि फेस बनून वर येतात, तो झाऱ्याने काढता येतो. गरम पाण्यात तीच बारीक कणांनी पसरतात आणि मग गाळूनही जात नाहीत. दुसरी चूक आचेची. खळाखळा उकळी आली की चरबी पाण्यात फेटली जाते आणि स्टॉक दुधाळ होतो. एखाददुसरा बुडबुडा वर येत राहील एवढीच आच हवी, झाकण नको, ढवळणं तर अजिबात नको.

एकूण ३ ते ४ तास. भाज्या आणि बुके गार्नी (सुगंधी पाल्याची जुडी) शेवटच्या तासाला. आधी घातल्या तर भाज्यांचा लगदा होतो. फिश स्टॉकला मात्र अर्ध्या तासापेक्षा जास्त देऊ नका, कडवट होतो. मीठ कशातच नाही: स्टॉक पुढे आटवला की खारटपणा वाढतो आणि तो काढता येत नाही.

मलमलीतून गाळताना हाडं दाबू नका. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवा. ६० अंशांवरून २१ वर २ तासांत, तिथून ५ वर पुढच्या ४ तासांत यायला हवं. आता मात्र बिनधास्त ढवळा, लवकर निवतो. गरम पातेलं तसंच फ्रिजमध्ये सारलं तर मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो आणि जंतूंना तेच हवं असतं.

दुसऱ्या दिवशी स्टॉक जेलीसारखा थरथरला तर जमला. पातळच राहिला तर पाणी जास्त झालं किंवा वेळ कमी पडला; जर्नलमध्ये तसंच लिहा.