कोजागरीची रात्र आणि इश्काची गोष्ट

औरंगाबादेतल्या आमच्या वाचक मंडळाची वर्षातली सर्वांत मोठी बैठक कोजागरीच्या रात्री एका शाळेच्या गच्चीवर भरत असे. सतरंज्या अंथरल्या जात, दुधाचे पातेले शेगडीवर चढे आणि दूध आटेपर्यंत कथावाचन, नंतर गझलगायन हा पहिल्या वर्षी पडलेला क्रम पुढे कोणी बदलला नाही. विषयही एकच असे, सूफींचा इश्क. आम्ही बहुतेक जण अभंग-ओव्यांवर वाढलेलो होतो, आणि वाचणारे सर उर्दू शाळेतले होते.

सरांनी सुरुवात केली ती नुस्रती या कवीच्या ‘गुलशन-ए-इश्क’पासून. विजापूरच्या आदिलशाहीत १६५७ साली दखनीत, म्हणजे दक्षिणेतल्या जुन्या उर्दूत, लिहिलेले हे काव्य आम्हांला परके वाटेल अशी भीती होती. पण त्या भाषेतला मराठीसारखा ठासून येणारा ‘च’ कानी पडला आणि सगळी गच्ची खुलली. पऱ्या झोपलेल्या राजपुत्र मनोहराला उचलून मधुमालतीच्या महालात नेतात, दोघांची दृष्टभेट होते, आणि जाग येते तेव्हा तो पुन्हा आपल्याच पलंगावर असतो. हीच कथा मंझन या शत्तारी पंथातल्या सूफी कवीने १५४५ मध्ये अवधीत सांगितली होती, आणि तिथे मनोहर जोग्याचा वेष घेऊन तिच्या शोधात निघतो. एका रात्रीच्या दर्शनासाठी जन्मभर वणवण करणारा हा राजपुत्र म्हणजे आपल्या मूळ घराची ओझरती आठवण उरलेला जीव, हे सर सांगत, परंतु गोष्ट संपल्यावरच. केसांची बट म्हणजे माया, मद्य म्हणजे ज्ञान असा कोश मांडीवर ठेवून काव्य ऐकणे त्यांना मान्य नव्हते, आणि मलाही ते आजतागायत पटलेले नाही. विरहाने आधी पोटात कालवले पाहिजे. अर्थ मागाहून येतो.

तरीही दरवर्षी कोणीतरी विचारीच, की ही प्रेयसी म्हणजे बाई की देव? सर सूफींचे जुने वचन सांगत : मजाज, म्हणजे माणसामाणसांतले प्रेम, हा हकीकतीकडे, म्हणजे ईश्वरी सत्याकडे, नेणारा पूल आहे.

दूध वाटून झाले की सिराज औरंगाबादीची गझल होई. तो आमच्याच गावचा, अठराव्या शतकातला. ऐन तारुण्यात उन्मनी अवस्थेत तो खुलताबादला बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याभोवती रात्री-रात्री भटकत असे. हे बुऱ्हाणुद्दीन दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. समाची, म्हणजे भक्तिसंगीताच्या मैफलीची, त्यांना इतकी ओढ होती की त्यांच्या अनुयायांच्या नृत्याची रीतही त्यांच्याच नावाने ओळखली गेली. पुढे सिराजने गुरूच्या आज्ञेवरून कविता लिहिणे थांबवले, हे प्रथम ऐकले त्या रात्री मला फार वाईट वाटले होते. इश्काच्या विस्मयाची वार्ता कानी पडताच वेडही उरले नाही आणि परीही उरली नाही, तूही नाहीस आणि मीही नाही, उरली ती केवळ बेखबरी, असे सांगणारी त्याची गझल पेटीच्या साथीने सुरू झाली की गच्चीवर कोणी पेलासुद्धा खाली ठेवत नसे.

मात्र मनात सर्वांत खोल रुतलेली रात्र चक्कीनाम्याची आहे. दखनी सूफींनी बायकांसाठी दळताना म्हणायची गीते रचली होती. त्यांत जात्याचा खुंटा अल्लाह या नावातल्या पहिल्या, उभ्या अलिफ अक्षरासारखा, म्हणून त्याचे स्मरण देणारा, आणि मधला आस म्हणजे पैगंबर, असे रूपक येते. सरांनी ते समजावले तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या एका सभासदाच्या वृद्ध आई, ज्या एरवी केवळ दुधावर लक्ष ठेवायला येत, पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, ‘‘हे तर आमचंच आहे.’’ मग त्यांनी जाते नसतानाही उजवा हात गोल फिरवीत, विठ्ठलाला भाऊ आणि सखा म्हणणाऱ्या चार ओव्या म्हटल्या. सरांनी चष्मा चढवला, वही उघडली आणि ‘‘आजी, पुन्हा एकदा म्हणा,’’ अशी विनंती करीत त्या ओव्या चांदण्यातच उजवीकडून डावीकडे उर्दू लिपीत उतरवून घेतल्या. त्या रात्री गझल फार उशिरा सुरू झाली.