उमेदवारी कोणाच्या हातात?

माझा विषय आफ्रिकेतलं राजकारण, त्यातही संसदेतल्या स्त्रिया, असं कळलं की जाणकार माणूस लगेच म्हणतो, "म्हणजे रवांडा!" बरोबरच आहे. २००३च्या राज्यघटनेनं तिथे स्त्रियांना किमान ३० टक्के वाटा दिला आणि २००८मध्ये कनिष्ठ सभागृहात ८०पैकी ४५ स्त्रिया आल्या. असं बहुमत जगात पहिल्यांदाच.

त्याच सभागृहाच्या काळात, २००९ साली, नव्या कामगार कायद्यानं बाळंतपणाची पूर्ण पगारी रजा बारा आठवड्यांवरून सहावर आणली. उरलेल्या सहा आठवड्यांना पगाराचा पाचवा हिस्सा. हे वाचल्यापासून नुसते टक्केवारीचे तक्ते मला पुरेनासे झाले. बाईला उमेदवारी कोणी दिली आणि पुढच्या वेळी ती कोण कापू शकतं, हे आधी बघते. रवांडात उत्तर बहुतांशी एकच: सत्ताधारी पक्ष, आरपीएफ (रवांडन पेट्रिऑटिक फ्रंट).

टांझानियात राखीव जागा पक्षांना मतांच्या प्रमाणात मिळतात आणि तिथे कोण बसणार ते पक्षच ठरवतो. युगांडात प्रत्येक जिल्ह्याला एक महिला खासदार. राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींच्या कारकिर्दीत जिल्हे वाढत गेले, तशा या जागाही, आणि उपकृत मंडळीही. (सगळ्याच तशा नव्हेत. एम्बराराच्या मिरिया माटेम्बे यांनी राष्ट्राध्यक्षपदाची मुदतमर्यादा उठवायला विरोध केला आणि मंत्रिपद घालवलं.)

पण मी खरी अडकलेय केनियात. २०१०ची राज्यघटना म्हणते, निवडून आलेल्या कोणत्याही मंडळात एका लिंगाचे दोन-तृतीयांशांहून जास्त सदस्य नकोत. त्यासाठीचा कायदा संसदेनं केलाच नाही, म्हणून सप्टेंबर २०२०मध्ये सरन्यायाधीश मरागा यांनी राष्ट्राध्यक्षांना संसद विसर्जित करण्याचा सल्ला दिला. झाली नाही, अर्थात. उरल्या ४७ काउंट्यांमधून (जिल्ह्यांसारखे विभाग) संसदेत येणाऱ्या ४७ महिला प्रतिनिधी. प्रचार अख्ख्या काउंटीत करायचा, पण मतदारसंघ विकासाचा मोठा निधी मात्र साध्या मतदारसंघाच्या खासदाराकडे. महिला प्रतिनिधीच्या वाट्याला वेगळा, बराच लहान. मतदार तर दोघांकडे तेच मागतात, मुलांच्या फीसाठी मदत.

तरीही होमा बे काउंटीच्या ग्लॅडिस वांगा दोन मुदती याच जागेवर राहून २०२२मध्ये गव्हर्नर, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या प्रमुख, झाल्या. असा मार्ग कोणाकोणाला सापडतो आणि त्यात पक्षाचा हात किती, यावर सध्या लिहिते आहे. परीक्षकांना मात्र अजून टक्केवारीचा आलेख हवाय. देईन एक, परिशिष्टात.