बायकोची मॅटर्निटी लीव्ह संपली तेव्हा मी रजा घेतली, माझा अनुभव

मी खाजगी नोकरीत आहे, राहतो मुलुंडला, ऑफिस लोअर परळला. मुलगी झाली तेव्हा एचआरने पॅटर्निटी लीव्ह सांगितली ती जेमतेम आठवड्याभराची, आणि तीही बाळ झाल्या झाल्या लगेच घ्यायची. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला 15 दिवस मिळतात आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत कधीही घेता येतात, पण खाजगीत तसा कायदाच नाही, कंपनी देईल तेवढं खरं. 2017 मध्ये आपल्या हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी सगळ्याच बापांना रजा मिळावी म्हणून लोकसभेत खाजगी विधेयक (सरकारने नव्हे, खासदाराने स्वतः मांडलेलं) आणलं होतं, पण ते काही पास झालं नाही.

तर हे "सहा महिन्यांपर्यंत कधीही" माझ्या डोक्यात बसलं. कारण सुरुवातीला घर भरलेलं होतं, आई, सासूबाई, मावशी, तेल लावायला येणाऱ्या बाई, मला बाळ हातात मिळायचं ते झोपलेलं. खरी ओढाताण पुढे होती, हिचे 26 आठवडे संपून ही ऑफिसला जायला लागणार तेव्हा. म्हणून मी पीएल, म्हणजे हक्काची पगारी रजा, वर्षभर साठवली आणि ती सगळी तेव्हा लावली. मॅनेजरला आधीच तारखा मेलवर दिल्या, कुठलं काम कोणाकडे जाणार याची शीट सोबत जोडली. "घरी कोणी बाई माणूस नाही का?" असं त्यांनी विचारलं, मी म्हटलं आहेत सर, पण मुलगी माझीपण आहे. रजा मिळाली.

मग ही सकाळी निघून जायची आणि दिवसभर मी आणि मुलगी. हे मला फार फार महत्त्वाचं वाटतं, की विचारायला बाजूला कोणी नसावं. काढून ठेवलेलं दूध गॅसवर तापवायचं नाही, गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करायचं. नाचणीचं सत्व गरम असताना नीट पातळ दिसतं आणि भरवेपर्यंत घट्ट होतं, मग ती तोंड फिरवते, चमचाभर गरम पाणी घालून फेटलं की गिळते. कान चोळायला लागली की लगेच खांद्यावर घ्यायचं, ती वेळ गेली की अख्खी दुपार रडरड. हे कोणी सांगून कळत नाही, रोज करून हाताला कळतं आणि एकदा कळलं की बाळही तुमच्याकडे हक्काने यायला लागतं.

बाहेर मात्र सगळीकडे आईच गृहीत धरलेली. लसीकरणाला गेलो तर सिस्टर म्हणाल्या, "बाळाची आई कुठाय?" मॉलमध्ये डायपर बदलायची जागा फक्त लेडीज टॉयलेटमध्ये. कायद्याचंच बघा, मॅटर्निटी लीव्हच्या कायद्यात 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा जास्त लोक असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय सक्तीची केली, पण दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा लिहिलीय ती बाईला. बापाने जावं असं कायद्यालासुद्धा सुचलं नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पाळणाघराच्या फॉर्मवर मी पहिला नंबर माझा टाकला. तरी सुरुवातीला तिथल्या काकू मुलीला ताप आला की हिलाच फोन करायच्या, मग मी त्यांना जाऊन सांगितलं, काकू, आधी मला लावा, घ्यायला मीच येणारे. आता करतात.

रजेनंतर आठ ते साडेचार अशी वेळ लेखी मागून घेतली. सकाळची ठाण्याहून सुटणारी स्लो लोकल पकडून करी रोडला उतरतो, संध्याकाळी पाळणाघरातून मीच आणतो, साडेचारनंतरचे कॉल मुलगी झोपल्यावर. पावसाळ्यात ट्रॅकवर पाणी भरून लोकल बंद पडल्या की हे सगळं कोलमडतं, त्यासाठी शेजारच्या वहिनींचं नाव काकूंकडे देऊन ठेवलंय, एवढीच सोय आहे सध्या.

टीममधल्या एकाच्या घरी पाळणा हलणार आहे. त्याच्यासाठी आम्ही दोघांनी मिळून एचआरला मेल टाकलाय की दिवस वाढवता येत नसतील तर राहू द्या, पण आहेत ते सहा महिन्यांत कधीही घेऊ द्या. अजून उत्तर नाही, सोमवारी परत विचारणार आहे.