लॉनमधली क्रीपिंग चार्ली
कालच्या पावसाने माती मऊ होती, म्हणून आज न्यू जर्सीतल्या लॉनमधली क्रीपिंग चार्ली, म्हणजे जमिनीवर पसरणारं वेलीसारखं तण, उपटायला घेतली. तुळशीसारखं चौकोनी खोड, समोरासमोर गोलसर पानं, चुरडली की पुदिन्याच्या जवळचा वास. मॅलो या दुसऱ्या तणाची पानंही गोलच, पण एकाआड एक. चार्ली पेरापेराला मुळं सोडते. तुटका तुकडा राहिला की पुन्हा पसरते. म्हणून आधी दाताळ्याने वेली उचलायच्या, मग मुळासकट सोडवायच्या. कंपोस्टमध्ये नकोच.

फारच माजली असेल तर ट्रायक्लोपायर हे तणनाशक, तेही ऑक्टोबरच्या आसपास: तेव्हा वेल अन्न मुळांकडे नेते, औषधही सोबत जातं. नुसतं २,४-डी हे तणनाशक बहुधा कमी पडतं. आणि बोरॅक्सच्या (टाकणखाराच्या) नादी लागू नका, त्यातलं बोरॉन मातीत साठतं आणि गवतच जळतं.