बोगमाळोच्या खाऱ्या वाऱ्यात

वास्कोहून बोगमाळोकडे जाताना, दाबोळी विमानतळाला लागूनच, नौदलाचे विमान संग्रहालय लागते. वास्कोतल्या माझ्या मामांचे आयुष्य गॅरेजमध्ये इंजिने उघडण्यात गेले, म्हणून हे संग्रहालय त्यांच्यासोबतच पाहायचे, असे मी ठरवले होते.

अंगणातल्या ‘फेअरी फायरफ्लाय’ या विमानापाशी मामा थबकले. नाकाच्या बाजूला एका ओळीत आलेल्या एक्झॉस्टच्या आखूड नळ्या त्यांनी बोटाने हवेतच मोजल्या. “सहा इकडे, सहा तिकडे. बारा सिलिंडरचं व्ही इंजिन आहे बघ.” ते रोल्स-रॉइसचे ग्रिफन, हे मी सांगितल्यावर ते म्हणाले, “राजेमहाराजांच्या गाड्यांचे रोल्स-रॉइस?”

तीच कंपनी. संस्थापकांपैकी चार्ल्स रोल्स यांना विमानांचे विलक्षण वेड होते आणि १९१० साली विमान अपघातातच ते गेले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या गरजेपोटी, १९१५ साली, मोटारी बनवणाऱ्या या कंपनीचे ‘ईगल’ हे पहिले विमान-इंजिन तयार झाले. मला मात्र सर्वांत जास्त ओढ आहे ती त्यानंतरच्या ‘आर’ इंजिनाची. १९३१ मध्ये त्याच्या जोरावर सुपरमरीनच्या सागरी विमानाने ताशी सुमारे ६५५ किलोमीटरचा विक्रम केला. त्याआधीच्या वर्षी अशीच दोन इंजिने ‘मिस इंग्लंड २’ या बोटीत बसवून वेगाचे विक्रम करणारे हेन्री सीग्रेव्ह इंग्लंडमधील विंडरमिअर सरोवरात उतरले होते. ताशी सुमारे १५९ किलोमीटरचा जलविक्रम त्यांनी नोंदवला, पण त्याच दिवशी बोट उलटली आणि त्यांच्यासह रोल्स-रॉइसचे अभियंते हॅलिवेल यांचाही मृत्यू झाला. एवढे होऊनही बोटींचा नाद सुटला नाही, आणि १९३९ साली माल्कम कॅम्पबेल यांच्या ‘ब्लू बर्ड’ने याच जातीच्या एका इंजिनावर ताशी २२८ किलोमीटरचा वेग गाठला.

फायरफ्लायच्या ग्रिफनमधील सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक (पिस्टनच्या एका फेरीची लांबी) ‘आर’ इंजिनाइतकाच आहे, हे ऐकल्यावर मामा पुन्हा नाकापाशी गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. शेजारच्या ‘सी हॉक’ या विमानात त्याच कंपनीचे ‘नीन’ जेट इंजिन असायचे, ज्याचा झोत दुभंगून दोन्ही पंखांच्या मुळांशी बाहेर पडत असे. ती दोन तोंडे त्यांनी वाकून, बारकाईने पाहिली.

“मग गाड्यांचं काय झालं?” त्यांनी विचारले. १९७१ साली जेट इंजिनाच्या विकासखर्चाने कंपनी बुडाली, सरकारने ती ताब्यात घेतली आणि १९७३ मध्ये मोटारींचा व्यवसाय वेगळा काढला, असे मी सांगितले. मामा काही बोलले नाहीत. रोल्स-रॉइसचेच ‘डार्ट’ इंजिन वापरणाऱ्या ‘आलिझे’ या विमानाकडे ते चालू लागले.