सगळ्यात वरची तार

२१ नोव्हेंबर, रात्री

आज विद्यावेतन जमा झालं. मायनं बँकेचा मेसेज मला दोनदा वाचायला लावला. मग विचारलं, "हे शिकाचे पैसे देतेत का वं तुले?"

हाव, शिकण्याचेच. तिला अजून पटत नाही, कारण आमच्या घरात शिकणं म्हणजे पैसे जाणं. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक केलं तेव्हा एसटीचा पास, वह्या, सोल्डरिंगचं सामान सगळं कापसाच्या पैशातून गेलं. आता वेचणी जोरात आहे आणि मी शेतात नाही, विजेच्या उपकेंद्रात शिकाऊ उमेदवार आहे. माझ्या जागी बाबांनी एक बाई जास्तीची लावली आहे आणि तिची मजुरी माझ्या विद्यावेतनातून जाते. हे जमलं नसतं तर मला सप्टेंबरातच घरी बसावं लागलं असतं. हुशारी, आवड हे सगळं नंतरचं.

म्हणून त्या १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यात लेखी करार होतो, त्याची नोंदणी होते, शिकवणं मालकावर बंधनकारक असतं. २०१९ मध्ये नियम बदलले तेव्हा शिक्षणाप्रमाणे महिन्याला किमान ५००० ते ९००० रुपये विद्यावेतन ठरलं. मोठी रक्कम नाही. पण ती ठरल्याप्रमाणे येते, आणि त्यावर घरच्यांशी बोलता येतं.

आमच्या गल्लीतला एक दादा किती वर्षांपासून केबलचे चर खोदतो. रोजंदारी. काळ्या मातीत उन्हाळ्यात कुदळ मारणं काय असतं ते त्यालाच विचारावं. केबल टाकून झाली की स्प्लायसिंगचं, म्हणजे फायबरची काच जोडायचं, मशीन घेऊन दुसरीच माणसं येतात. तो म्हणतो, "मशीनले हात नाही लावू देत." चर खोदणारा आणि काच जोडणारा एकाच कामावर असतात, फूटभर अंतरावर, पण एकाचं काम दुसऱ्याला कोणी शिकवत नाही. शिकाऊ उमेदवारीत मला नेमकं तेच मिळतंय. मशीनला हात लावायला सांगतात. मला वाटतं, त्या दादालाही हा करार मिळायला हवा होता.

गावात सांगितलं की वीजवाल्यांकडे टेलिकॉम शिकते, तर लोक बुचकळ्यात पडतात. विजेला फोन कशाला? आता कोणी विचारलं की मी टॉवरच्या शेंड्याकडे बोट दाखवते. सगळ्यात वरची बारीक तार वीज वाहून नेत नाही. ती खालच्या तारांना आकाशातल्या विजेपासून वाचवते, आणि तिच्याच पोटात फायबर, म्हणजे संदेश नेणारे काचेचे तंतू, असतात. त्याला ओपीजीडब्ल्यू म्हणतात. उपकेंद्रातले आकडे त्यातूनच नागपूरच्या अंबाझरीला, तिथून ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्राला, म्हणजे राज्यभरच्या विजेचा तोल सांभाळणाऱ्या केंद्राला, जातात. चंद्रपूरची वीज १९९९ पासून ७५२ किलोमीटरच्या एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या डीसी, लाइनवरून मुंबईकडच्या पडघ्यापर्यंत जाते. एवढ्या लांबवर कोणत्या क्षणी काय चाललंय हे कळलं नाही तर ती चालवणार कशी?

त्याहून मला थक्क करतं ते टेलिप्रोटेक्शन. लाइनवर फॉल्ट, म्हणजे बिघाड, आला की रिले नावाचं राखणदार यंत्र तो किती लांब आहे ते मोजतं. पहिला झोन साधारण ८० टक्के लाइन बघतो, तिथला फॉल्ट असला की ब्रेकर लगेच पडतो, म्हणजे लाइन तुटते. पण फॉल्ट अगदी पलीकडच्या टोकाजवळ असला, तर इकडचा रिले खात्री होईपर्यंत थोडा थांबतो. पलीकडच्या उपकेंद्राला मात्र तो जवळ दिसतो. ते सिग्नल पाठवतं आणि इकडचाही ब्रेकर न थांबता सुटतो. सेकंदाच्या छोट्याशा तुकड्याचा फरक, पण तेवढ्यात यंत्रं जळू शकतात. हा सिग्नल फायबरवरून जातो, किंवा जुन्या पद्धतीनं पीएलसीसीवरून, म्हणजे त्याच वीजवाहक तारांवर चढवून.

सुरुवातीचे महिने मी बॅटरी रूममध्येच होते. दळणवळणाची बॅटरी ४८ व्होल्टची, दोन-दोन व्होल्टचे २४ सेल. प्रत्येकाचं व्होल्टेज मोजायचं, हायड्रोमीटरनं ॲसिडची घनता बघायची, डिस्टिल्ड वॉटर भरायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं. पूर्ण उपकेंद्र अंधारात गेलं तरी आमचा फोन बोलला पाहिजे, तो या सेलांवरच बोलतो. हे समजल्यापासून ते रजिस्टर मी मन लावून लिहिते.

आज यार्डात गॅन्ट्रीखालच्या, म्हणजे तारा उतरतात त्या लोखंडी चौकटीखालच्या, फायबरच्या जॉइंट बॉक्सवर काम होतं. आधी परमिट, आधी अर्थिंग. ते झाल्याशिवाय सर गिट्टीवर पाऊलही टाकू देत नाहीत. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा... फायबर ओळखायच्या बारा रंगांचा क्रम आता झोपेतही येतो. आवरण सोलायचं, अल्कोहोलनं पुसायचं, क्लीव्हरनं काच सरळ कापायची. पूर्ण काच १२५ मायक्रॉनची, आणि प्रकाश जातो तो मधल्या जेमतेम ९ मायक्रॉनमधून. आजूबाजूला कापसाची शेतं, हवेत बोंडांचा तंतू आणि धूळ. सर पाठीमागून विचारत होते, "पुसलं? पुन्हा पूस." स्क्रीनवर दोन टोकं समोरासमोर आली, ठिणगी पडली, काच एक झाली. मशीननं ०.०२ डीबी लॉस दाखवला, म्हणजे जोडात उजेड जवळजवळ वाया गेलाच नाही. सर काही बोलले नाहीत, फक्त पुढचा फायबर माझ्या हातात दिला. कापलेले काचेचे तुकडे मी मोजून डबीत टाकले. ते पायात रुतले तर दिसत नाहीत. आणि फायबरच्या टोकात डोळा लावायचा नाही, कारण लेझर इन्फ्रारेड असतो, दिसत नसला तरी डोळा जाळतो.

मग ओटीडीआर लावला. तो प्रकाशाचा ठोका सोडतो आणि परत येणाऱ्या उजेडाच्या वेळेवरून अंतर काढतो. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. पडद्यावरच्या रेषेत मी केलेले जोड शोधले. बहुतेक दिसलेच नाहीत, म्हणजे ते नीट झाले.

वर्ष संपलं की अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा, मग राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र. नोकरी देण्याची सक्ती कायद्यात नाही, हे मी बाबांना स्पष्ट सांगितलंय. पण स्प्लायसिंग येणाऱ्या माणसाला आज गावोगावी काम आहे, हेही सांगितलंय.

शेजारची पोरगी आयटीआयच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं विचारलं, मुलींना घेतात का. उद्या रविवार आहे. आधार, बँकेचं पासबुक आणि गुणपत्रिका घेऊन ये म्हटलं, पोर्टलवर तिची नोंदणी करून देते.