एकादशीच्या दिवशी खिचडीची चव

शाळेतली खिचडी मुलांच्या ताटात पडण्याआधी अर्धा तास शिक्षकाने आणि एका पालकाने ती खाऊन पाहायची आणि चव नोंदवहीत वेळ, शेरा लिहून सही करायची, असा पोषण आहाराचा नियम आहे. आमचं गाव माळशिरस तालुक्यातलं, माउलींच्या पालखीच्या वाटेजवळचं. घरोघरी तुळशीची माळ. त्यामुळे एकादशीला चव घ्यायला माणूस शोधावा लागतो. स्वयंपाकाच्या मावशी माळकरी, मीही माळकरी, शाळेत येणाऱ्या आयाही बहुतेक उपवासाच्या. एरवी त्या दिवशी आमचे दुसरे गुरुजी चव घेतात. श्रावणातल्या वद्य एकादशीला ते प्रशिक्षणासाठी तालुक्याला गेले होते. ज्या आजोबांना सांगून ठेवलं होतं, ते एक वाजला तरी आले नाहीत.

त्या दिवशी 43 मुलं हजर होती. पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल धरतात. म्हणजे 4 किलो 300 ग्रॅम तांदूळ, 860 ग्रॅम मूगडाळ, साधारण सव्वादोन किलो भाजी. भाजीला दुधी होता. श्रावणात कुणाच्या ना कुणाच्या परड्यातून शाळेला दुधी, दोडका, भोपळा येतोच, आणि देणारा मायेने देतो. त्या दिवशीचे तीन दुधीही असेच आलेले, कोवळे, लव असलेले.

एकादशीला अन्न घेणाऱ्याला तुकोबांनी किती कडक शब्दांत सुनावलंय, ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी न चाखता नोंदवहीत ‘चव चांगली’ लिहून सही करणं मला त्याहून मोठं पाप वाटतं. मी वाटी घेतली.

चव घ्यायची तर वरवरचा घास घेऊन भागत नाही. मीठ तळाशी बसतं, फोडी मधे अडकतात. म्हणून पळी तळापर्यंत घालून खालचं, मधलं, वरचं असं थोडं थोडं घ्यायचं, आणि भाजीची फोड वेगळी काढून चावायची. भाताचा घास नेहमीसारखाच लागला. दुधीची पहिली फोडही बरी होती. दुसरी चावली आणि क्षणभराने जिभेच्या मुळाशी कडू लागलं. हळद-तिखटाने तो कडूपणा आधी झाकला जातो, म्हणून घास जिभेवर थोडा वेळ धरावा लागतो. मी थुंकले, चुळा भरल्या आणि मावशींना म्हटलं, “पातेलं उतरवा. कुणालाही द्यायचं नाही.”

मावशींना आधी पटेना. “बाई, कारल्यासारखं कडू असंल थोडं, पोरं खात्यात.” पण कारल्याचं कडू वेगळं आणि दुधीचं वेगळं. दुधी, काकडी, दोडका यांत कुकुरबिटासिन नावाचं द्रव्य वाढलं की ते कडू होतात, आणि शिजवून ते जात नाही. पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, कधी रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम खाली. त्यावर उतारा असं औषध नाही. दवाखान्यात नेऊन सलाइन लावून सांभाळावं लागतं. कडू दुधी टाकूनच द्या, असं भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नेमलेल्या समितीनेही सांगितलेलं आहे. लहान मुलांच्या बाबतीत तर शंका असली तरी पुरे.

पहिली चौकशी, कुणी खाल्लं का? मावशींचा नातू स्वयंपाकघरात घुटमळत असतो. त्याला काही दिलेलं नव्हतं, तरी मी त्याच्या आईला फोन करून संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवायला सांगितलं. मग सालांची बादली पाहिली. देठाकडची तीन टोकं तशीच होती. एकेक जिभेला लावून थुंकलं. दोन गोडसर, तिसरं कडूजहर.

एक डबा नमुना म्हणून झाकून कपाटात ठेवला. केंद्रप्रमुखांना फोन केला. शाळा व्यवस्थापन समितीचे दोन सदस्य बोलावून पंचनामा लिहिला: किती शिजलं, का टाकलं, कुठे टाकलं. खिचडी उकिरड्यावर टाकू दिली नाही, कारण तिथे शेळ्या आणि कुत्री येतात. शाळेमागे दोन फूट खड्डा खणून ती पुरली. हा कागद झाला नाही तर साठा नोंदवहीत तांदूळ कमी दिसतो आणि हिशेब शिक्षकाच्या अंगावर येतो.

मुलं भुकेली होती. पहिलीतली दोघं रडायला लागली. दुकानातून फुटाणे आणि गूळ आणून मूठमूठ वाटला. तोवर मावशींनी पातेलं, पळी, विळी गरम पाण्याने दोनदा घासली. दुसऱ्या खिचडीत बटाटा आणि टोमॅटो. तांदूळ-डाळीच्या तिप्पट पाणी आधी दुसऱ्या शेगडीवर उकळून घेतलं की वेळ वाचतो; थंड पाणी ओतलं तर एवढ्या मोठ्या पातेल्याला उकळी यायलाच बराच वेळ जातो. अडीच वाजता मी पुन्हा चव घेतली, तेवढ्यात आजोबाही आले, त्यांनी घेतली. पावणेतीनला पंगत बसली.

संध्याकाळी दुधी ज्या घरून आले होते, त्या घरी गेले. एक वेल उकिरड्याकडेला आपोआप उगवलेला होता, मधल्या उघडिपीत सुकून पुन्हा फुटलेला. पाण्याचा ताण पडला, किंवा रानटी कडू वेलाशी संकर झालेलं बी उगवलं, की असं फळ धरतं. बाहेरून काही कळत नाही. वेल उपटायला, त्याचं बी न धरायला आणि तो गुरांपुढे न टाकायला सांगितलं. त्या माउलीला फार वाईट वाटलं. तिने दिलं ते प्रेमानेच, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं.

आता दुधी, दोडका, काकडी यातलं काहीही आलं की मावशी चिरण्याआधी प्रत्येक फळाच्या देठाकडची चकती कापून जिभेला लावतात आणि थुंकून चूळ भरतात. तीन फळं असली तर तीनही. एकादशीच्या आदल्या दिवशी चवीला येणाऱ्या दोन पालकांची नावं फळ्यावर लिहितो, एक आला नाही तर दुसरा असावा म्हणून. दोघंही आले नाहीत तर वाटी मी घेते.